तलावांच्या मुलखातून सायकलीने
१९७० साली अभयारण्य झालेल्या नागझिऱ्याचे दर्शन जिप्सीतून घाईने उरकणाऱ्या प्रवाशाला, तिरोडा तालुक्यात धानाच्या बांध्यांमधून चोरखमारा-बोदलकशाकडे जाणाऱ्या सपाट रस्त्यांवर सायकलीने मंदगती विहरण्यातला आनंद अगोचरच राहतो. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने या झाडीपट्टीत बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या दप्तरी दाखल झालेले तलाव, १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावरही, येथील शेती पोसत आले आहेत, हे सायकलीवरून जितके उमगते तितके महसुली अहवालांतून उमगत नाही. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनखात्याचाच अंमल. तेव्हा रसिकाने गावरस्त्यांवरच रमावे, वाटेतल्या तलावाच्या पाळीवर निवांत बसावे आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा.