माग उभा, आकडा पळतो

सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्लीत शिरलं की यंत्रमागाचा खडखडाट आधी कानावर येतो, कारखाना मागाहून दिसतो. त्या गोंगाटात बाण्याचा धागा तुटला, तर विणकराचं लक्ष नसतानाही माग थांबतो. मागावर एक छोटा काटा असतो. बाण्याचा धागा जागेवर असेल तर तो काट्याला बाजूला ढकलतो. नसेल तर काटा अडकतो, हँडल सुटतं आणि माग उभा राहतो.

मायक्रोकंट्रोलरच्या दुनियेत याच युक्तीला इंटरप्ट म्हणतात. चिप आपलं काम करत असते. ठरलेल्या पिनवर इशारा आला की हातातलं तिथंच ठेवून आधी तिकडे धावते, मग परत येते. फरक एवढाच की काटा डोळ्यांना दिसतो, इंटरप्ट दिसत नाही.

मागाचे फेरे मोजणारा पिक काउंटर घ्या. क्रँकशाफ्टजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर, एका फेऱ्याला एक पल्स, पल्स आली की इंटरप्ट, आकडा एकाने वाढणार. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला शोभेलसा प्रकल्प. बोर्ड स्वतः आखलेला, स्वतः सोल्डर केलेला. कॉलेजच्या टेबलावर सुरेख चालतो. कारखान्यात नेल्यावर मात्र शेजारचे माग सुरू झाले की आपला माग उभा असतानाही आकडा पळू लागतो!

इथं बहुतेक मुलं सेन्सर बदलतात, मग चिप बदलतात, मग दुसऱ्या कुणाचा तरी प्रोग्रॅम टाकून बघतात. बिघाड शोधण्याचा हा मार्ग नव्हे, ही लॉटरी आहे. साध्या मागाचे मिनिटाला 120 फेरे धरले तर दोन पल्समध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर हवं. पाच मिलिसेकंदांत दुसरी पल्स आली तर ती मागाची असूच शकत नाही. हा हिशेब कागदावर होतो, त्याला एक रुपयाही लागत नाही.

पुढची पायरी म्हणजे सेन्सरची तार काढून पिन थेट ग्राउंडला जोडणं. आकडा थांबला, तर दोष प्रोग्रॅमपेक्षा तारेत असण्याची शक्यता जास्त. एनपीएन प्रकारचा सेन्सर लोखंड समोर आल्यावर पिन खाली खेचतो. एरवी ती तार लोंबकळत असते. तिला वर धरून ठेवायला पुल-अप रेझिस्टर लागतो. आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा 328 चिपमध्ये तो असतो, पण 20 ते 50 किलोओहमचा, म्हणजे फारच ढिला. मोटारींच्या शेजारून गेलेली चार मीटर तार त्याला जुमानत नाही. बाहेरून 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि मध्ये सेन्सर व चिपला विजेने वेगळं ठेवणारा एक ऑप्टोकपलर टाकला की बहुतेक वेळा आकडा ताळ्यावर येतो.

सगळ्यात बेरकी दोष मात्र प्रोग्रॅममध्ये दडतो. ही चिप आठ बिटांची, त्यामुळे 255 च्या पुढचा आकडा ती दोन तुकड्यांत वाचते. पहिला तुकडा वाचून झाला आणि नेमका तेव्हाच इंटरप्ट आला, तर 255 किंवा 256 ऐवजी क्षणभर 511 दिसू शकतं. दिवसातून एकदा कधीतरी. मजुरी फेऱ्यांवर ठरत असेल तर या एका झटक्यावरून मालक आणि विणकर दोघेही भांडतील, आणि दोघेही खरंच बोलत असतील. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद ठेवणं, एवढाच त्यावर उपाय.

दोष शोधण्याचं हे कसब परीक्षेत विचारलं जात नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1983 मध्ये सुरू झाली. शहराला अभियांत्रिकी शिक्षण नवं नाही. पण प्रकल्पाचे गुण सगळीकडेच चालणाऱ्या बोर्डाला मिळतात. न चालणारा बोर्ड कसा चालवला, याला गुण नाहीत. म्हणून मुलं ऐनवेळी तयार मॉड्यूल विकत आणतात. त्यांना दोष का द्यावा?

खरं तर हे कसब किती मोलाचं, ते मंगळावर दिसलं. 1997 च्या जुलैत तिथं उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान काही दिवसांतच वारंवार रीसेट होऊ लागलं. तिथं मल्टीमीटर कोण लावणार? नासाच्या अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर तोच दोष मुद्दाम घडवून आणला, कमी महत्त्वाचं काम जास्त महत्त्वाच्या कामाला अडवतंय हे पकडलं आणि दुरुस्ती वर पाठवली. दोष हवा तेव्हा घडवता आला की अर्धी लढाई तिथंच संपते. बंद मागाला हाताने एक फेरा देऊन बघणारा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, नेमकं हेच करतो.

तेव्हा तोंडी परीक्षेची पद्धत बदलून पाहावी. बाहेरच्या परीक्षकाने चालू बोर्ड हातात घ्यावा, एक पुल-अप रेझिस्टर काढून खिशात टाकावा आणि मल्टीमीटर मुलांपुढे सरकवावा. वीस मिनिटं. रेझिस्टर सापडला नाही तरी कुठून सुरुवात केली, काय मोजलं, कशावरून काय वगळलं, याचे गुण द्यावेत. वेळ कुठून आणायचा, असं प्राध्यापक म्हणतील. ब्लॅकबुकची, म्हणजे प्रकल्प अहवालाची, शंभर पानं तपासण्यात जो वेळ जातो, त्यातलाच थोडा काढता येईल. त्यातली निम्मी पानं तशीही डेटाशीटमधून उतरवलेली असतात.