फुटपाथचा पैसा हलवता येऊ नये

आर्थिक वर्ष संपत आले की महापालिकांच्या स्थायी समितीपुढे वर्गीकरणाचे प्रस्ताव रांगेने येतात. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेला पैसा दुसऱ्या कामाकडे वळवायचा, एवढाच त्याचा अर्थ. निविदा रखडली, जागा ताब्यात आली नाही, मग निधी पडून कशाला ठेवायचा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण उड्डाणपुलाच्या पैशाला असा हात लावायला सहसा कोणी धजत नाही. त्याच्यामागे ठेकेदार असतो, भूमिपूजनाची तारीख असते, एखाद्या नेत्याने दिलेला शब्द असतो. फुटपाथ आणि सायकल मार्गाच्या मागे फक्त चालणारा माणूस असतो आणि तो स्थायी समितीच्या दारात कधी दिसत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी ठेवलेला पैसा दुसरीकडे वळवता येऊ नये, अशी तरतूद विधिमंडळाने कायद्यातच करावी. तिला होणारे विरोध ओळखीचे आहेत. ते आधी निकालात काढू.

पहिला आक्षेप असा की आता सायकल चालवतोच कोण? एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातच हा प्रश्न सर्वांत ठसक्यात विचारला जातो. विचारणारे बहुधा मोटारीत असतात. पहाटे रात्रपाळी संपवून घरी निघालेला सोसायटीचा वॉचमन, चार घरची कामे पायीच उरकणाऱ्या मावशी, भोसरीच्या एमआयडीसीत सायकलवर डबा अडकवून जाणारा कामगार हे त्यांच्या हिशेबात नसतात. 2011च्या जनगणनेत कामावर कसे जाता हे विचारले होते. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक पायी किंवा सायकलने जात होते. या लोकांची किंमत दुसऱ्या एका तक्त्यात दिसते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांवर माणसे गेली, त्यांत 32 हजारांहून अधिक पादचारी होते. रस्त्यावर माणूसच नाही म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवून बोलावे.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे आणि त्यात तथ्यही आहे. पुण्यात सायकल मार्ग करून झाले, ते ओस पडले, पैसा पाण्यात गेला, पुन्हा कशाला? डिसेंबर 2005 मध्ये केंद्राचे नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले. त्या पैशातून पुण्यात बीआरटी आली आणि तिच्या जोडीने सायकल मार्गही आखले गेले. सातारा रस्त्यावरचे ते मार्ग पुणेकर विसरलेले नाहीत. फुटपाथच्या कडेने ब्लॉकची पट्टी निघायची. थोडे पुढे गेले की मधोमध विजेचा खांब, मग महावितरणची डीपी, मग बसथांब्याची पाठ, त्यानंतर दुकानासमोर लावलेल्या दुचाकी. चौक आला की पट्टी अचानक संपायची. खरी गरज चौकातच असते, आणि तिथे सायकलवाल्याला पीएमपीच्या बसपुढे सोडून दिलेले असायचे. अशा मार्गावर कोणी गेले नाही यात नवल ते काय? उलट गेला असता तर त्याच्या धाडसाचे कौतुक करावे लागले असते.

तेव्हा वाया गेलेला पैसा सायकलवर गेलाच नव्हता, तो किलोमीटर मोजून बिले काढण्यावर गेला. अभियानातून बांधकामाला पैसे मिळाले; उखडलेले ब्लॉक बसवायला, राडारोडा उचलायला, गाड्या हटवायला दरवर्षी लागणारे पैसे कोणीच बांधून ठेवले नाहीत. आणि हाच न्याय मोटारींच्या रस्त्याला कोणी लावतो का? दर पावसाळ्यात डांबर वाहून जाते, खड्डे पडतात, बातम्या छापून येतात. त्यावरून डांबरीकरणाचा निधी बंद करा, असे कोणी म्हटल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. उलट दिवाळीच्या आत आणखी पैसे मंजूर होतात. नीट केले तर काय होते ते जंगली महाराज रस्त्यावर पाहावे. तिथला फुटपाथ रुंद केल्यापासून म्हातारी माणसे बाकांवर बसतात, मुले खेळतात, आणि दुकानेही चालू आहेत.

तिसरा आक्षेप पैशाचा: गाडीवाला कर भरतो, सायकलवाला काय भरतो? मोटार वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो, महापालिकेच्या नाही. महापालिका आपले रस्ते प्रामुख्याने घरपट्टी, विकसन शुल्क आणि जकात-एलबीटी गेल्यावर राज्याकडून मिळणारी जीएसटीची भरपाई यांतून बांधते. साबणाच्या वडीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी भरणारी बाई त्या रस्त्याची मालकीण आहे, तिच्याकडे स्कूटर असो वा नसो. पुण्याच्या घरपट्टीत पथकर म्हणून वेगळा रकाना असतो. तो मोटार नसलेल्या घरालाही लागतो. फुकटेपणाचा आरोप करायचाच तर रस्त्याकडेची सार्वजनिक जागा दिवसरात्र विनामूल्य अडवून उभ्या असलेल्या मोटारीवर करावा. 2018 मध्ये पुण्यात सशुल्क पार्किंगचे धोरण आले तेव्हा केवढा गहजब झाला होता!

फेरीवाले फुटपाथ अडवतात, म्हणून फुटपाथवर खर्च नको, हा आक्षेप दोन वाक्यांत संपतो. त्यांच्यासाठी 2014चा कायदा आहे, त्यात फेरीवाला समित्या आणि विक्री क्षेत्रे सांगितली आहेत. महापालिकांनी ती आखून द्यावीत. मेट्रो आली की सगळे सुटेल म्हणणाऱ्यांना विचारावे की स्थानकापर्यंत माणूस उडत जाणार आहे का.

आता मांडणीकडे. धोरणांची आपल्याकडे वाण नाही. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण केले, 2017 मध्ये आठशे किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर केला. त्यातला फार थोडा भाग जमिनीवर उतरला. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग मोटारींना बंद करून पादचारी दिनही साजरा होतो. पोळ्याला बैलाला पुरणपोळी मिळते, तसा हा मान. चेन्नईने 2014 मध्ये वाहतुकीच्या खर्चातला किमान 60 टक्के पैसा चालणाऱ्यांवर आणि सायकलींवर खर्च करण्याचे धोरण स्वीकारले. धाडसी धोरण, पण धोरणच. ते बदलायला एक ठराव पुरतो.

कायद्याने काय होते याचे उदाहरण घरातच आहे. महाराष्ट्राने 1975 मध्ये नागरी भागांतील झाडांसाठी कायदा केला. त्यातून वृक्ष प्राधिकरण आले, वृक्ष कर आला आणि स्वतंत्र वृक्षनिधी आला. त्या प्राधिकरणाच्या कारभारावर टीका करायला पुष्कळ जागा आहे. पण झाडांचा पैसा झाडांच्या नावाने वेगळा राहतो, तो पुलात जिरवायचा तर कायदा आडवा येतो. दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी राखून ठेवण्याची सक्तीही आपल्याच स्थानिक संस्थांवर आहे. मग पादचाऱ्यानेच काय पाप केले?

त्याच धर्तीवर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात पदपथ आणि सायकल निधी घालावा. नवा कर नको. रस्त्यांवर होणाऱ्या खर्चाचा ठरावीक हिस्सा त्यात जावा आणि त्यातला काही भाग केवळ देखभालीसाठी राहावा. न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी त्याच खात्यात यावा, म्हणजे निविदा रखडवून निधी मोकळा करण्याचा मोह उरणार नाही. इंडियन रोड काँग्रेसने फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. तेवढी जागा खांब, डीपी, फलक वगळून मिळाली तरच ठेकेदाराचे बिल निघावे. आयुक्तांचे हात बांधले जातील, अडचणीच्या वर्षी लवचिकता राहणार नाही, असे प्रशासन म्हणेल. म्हणणे खरे आहे. हात बांधण्यासाठीच हा कायदा मागतो आहे. पुण्यात मार्च 2022 पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच स्थायी समिती होते आणि तेच सर्वसाधारण सभा. मोकळ्या हातांनी केलेला कारभार त्या काळात पुरेसा पाहून झाला.

सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये अडथळामुक्त फुटपाथ हा घटनेच्या कलम 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि ऑक्टोबरमध्ये पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम सहा महिन्यांत करा, असे राज्यांना बजावले. नियम खात्यांच्या टेबलावर होतील. पैसा मात्र सभागृहातल्या मतांनीच बांधता येतो. तेव्हा आपल्या आमदाराला एक पत्र लिहा आणि त्यात एवढेच विचारा: पदपथ निधीचे विधेयक सभागृहात कोण मांडणार, आणि मतदान झाले तर तुम्ही कोणत्या बाजूला?