अभिप्रायाची वही

परीक्षा आटोपून मुलांची दप्तरे माळ्यावर चढली, की करवीरनगरीतील बहुतेक घरांतून एकच खल सुरू होतो : यंदा समुद्रावर जावयाचे, तर उतरावयाचे कोठे? आंबा घाट उतरून गेले तर रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर. गगनबावड्याकडून खाली गेले तर मालवण. आंबोलीवरून गेले तर वेंगुर्ले. वाटा सर्वांना पाठ आहेत. मतभेद होतो तो मुक्कामाविषयी. तरुणांस हॉटेल हवे असते, आणि वडील मंडळींस ‘घरगुती सोय’. म्हणजे पडवी, विहीर, पोफळीची बाग आणि पानावर गरम मऊ भात. आमच्या घरी वडील मंडळींचे मत अद्याप चालते. म्हणून गेल्या वैशाखात आम्ही लहानथोर अकरा माणसे रत्नागिरीच्या उत्तरेस समुद्रकाठच्या एका गावी, अशाच एका घरी तीन दिवस राहून आलो. त्या घराचे व गावाचे नाव येथे देत नाही. ते का, हे पुढे ध्यानी येईल.

पहिला दिवस उत्तम गेला. जांभ्या दगडाचे जुने घर, मागील दारी आगर, आणि त्याला लागून पाहुण्यांसाठी नव्याने बांधलेल्या चार खोल्या. यजमानीण बाई पन्नाशीच्या, बोलण्यात आर्जवी. दुपारी ओल्या काजूंची उसळ, फणसाची भाजी, सोलकढी आणि उकडीचे मोदक असा बेत होता. आमच्या आत्याबाई सहसा कोणाच्या हातच्या मोदकाची वाखाणणी करीत नाहीत. त्यांनी मुकाट्याने तिसरा मोदक मागून घेतला, यावरून वाचकांनी काय ते समजावे. मुले तर दिवसातून तीनदा समुद्रावर गेली आणि तीनदा खारट अंगाने परत येऊन नळाखाली मनसोक्त न्हाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळ कोरडा पडला. विहिरीवरील पंप नुसती हवा ओढू लागला. अकरा माणसे, त्यांत दोन वृद्ध, तीन लहान मुले, आणि न्हाणीघरात एक बादली पाणी! त्यातच आमच्या पुतण्याने दुसरी तक्रार काढली. ‘समोर समुद्र’ असे सांगून खोली दिली होती. प्रत्यक्षात समुद्र दिसे तो माडांच्या झावळ्यांमधून, तोही खिडकीच्या एका कोपऱ्यात उभे राहिल्यावर. “काका, आपण पैसे मोजले आहेत. धर्मशाळेत नाही उतरलो,” असे म्हणून तो जो उठला, तो थेट पडवीत गेला. तेथे पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही टांगलेली असे. तीत त्याने ठसठशीत अक्षरांत लिहिले : “पाणी नाही. समुद्र दिसत नाही. येथे येऊन पैसे फुकट घालवू नयेत.” खाली सही, आणि ‘कोल्हापूर’.

आम्ही ते वाचले आणि खरे सांगावयाचे तर मनातून सुखावलो. आपल्या मनातले दुसऱ्याने बोलून दाखविले, की भिडस्त माणसास असेच बरे वाटते.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास आमच्या वहिनी उठून मागील दारी गेल्या. विहिरीवर कंदील दिसला, म्हणून जवळ जाऊन पाहतात तो यजमानीण बाई व त्यांची सून पोहऱ्याने तळचे पाणी उपसून, फडक्यातून गाळून बादल्या भरीत होत्या. एकेक पोहरा अर्धाच भरून येत होता.

“अहो काकू, इतक्या पहाटे हे पाणी कोणासाठी?” वहिनींनी विचारले.

“तुमच्या न्हाणीघरासाठीच. मुले खारट अंगाने झोपली काल. आमचे काय, आम्ही खालच्या वाडीतील विहिरीवर जाऊन येऊ.”

“मग पाणी कमी आहे, हे आधीच का नाही सांगितले?”

बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सांगितले असते तर तुम्ही आला असतात का?”

वहिनींनी पदर खोचला आणि उजाडेपर्यंत पाणी गाळू लागल्या. सकाळी त्यांनी पुतण्यास, म्हणजे आपल्या चिरंजीवास, वहीपाशी नेले. त्याला वाटले, आता पान फाडावयास सांगणार. परंतु वहिनी म्हणाल्या, “अरे, लिहिलेस ते खोटे नाही; पण पुरतेही नाही. आपण काल किती पाणी सांडले, ते कोठे लिहिलेस?” आणि त्याच मजकुराखाली त्यांनी स्वतः लिहिले : “वैशाखात विहिरीचे पाणी पुरत नाही, यजमानांनी हे आधी सांगावे. आमच्या मुलांनी पहिल्या दिवशी पाणी फार वापरले. समुद्र खोलीतून दिसत नाही, परंतु चालत पाच मिनिटांवर आहे. अंथरूण स्वच्छ. जेवण आमच्या घरच्यापेक्षा चांगले. पाहुण्यांस पाणी मिळावे म्हणून घरच्या बायका पहाटे चारला विहीर उपसतात. पुढच्या मंडळींनी बेताने न्हावे.” हा मजकूर वाचून बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते तक्रारीने आले की कौतुकाने, हे त्यांना विचारण्याचे धाष्टर्य आम्हांस झाले नाही.

घाट चढताना आमच्या मनात हाच विचार घोळत होता. आपण त्या घरी होतो कोण? पाहुणे, की गिऱ्हाईक?

आमच्या आजोबांच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नसता. क्षेत्राच्या गावी गेले, की उपाध्यांच्या घरी उतरावे, त्यांच्या पंक्तीस जेवावे आणि निघताना दक्षिणा ठेवावी, असा रिवाज होता. अन्न विकू नये ही समजूत इतकी दृढ होती, की हॉटेलची पायरी चढलेला मुलगा ती गोष्ट घरी लपवीत असे. त्या रिवाजात जिव्हाळा होता, हे खरे. परंतु ती पंगत सर्वांसाठी नव्हती, हेही तितकेच खरे. आमच्या कोल्हापुरातच संस्थानच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांना, ते पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून, मारहाण झाली. तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले. आणि रस्त्यात गाडी थांबवून तेथील चहा ते स्वतः घेत व बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावीत. पैसे देऊन मिळणाऱ्या पेल्याचा हा मोठा गुण, की तो घेणाऱ्याची जात विचारीत नाही. म्हणून ‘पूर्वीचा पाहुणचार गेला आणि धंदा आला’ असा गळा काढणे आम्हांस पटत नाही.

शिवाय या धंद्याने कोकणातील घरांस जो आधार दिला आहे, तो काही थोडाथोडका नव्हे. पूर्वी तेथील कित्येक चुली मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटत. १९७५ साली महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले; राहत्या घरातील खोल्या पाहुण्यांस देण्याची ‘निवास व न्याहारी’ योजना त्याच महामंडळाची. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. तेव्हापासून गणपतीपुळे, गुहागर, मालवण, तारकर्ली येथे घरोघर पाट्या लागल्या. मात्र घराची खानावळ झाली, तेव्हा तिचे बहुतेक ओझे पडले ते घरातील बायकांवर. खोलीचे भाडे घेतात ते बहुधा यजमान. पहाटेचा नारळ खवतात, चादरी धुतात आणि रात्री अकराला आलेल्या मंडळींसाठी पुन्हा भात लावतात त्या यजमानीण बाई. आपल्या एकत्र कुटुंबातील वाचकभगिनींना हे निराळे सांगावयास नको.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉथसे, डनून, लार्ग्स ही गावे अशाच उतारूंवर वाढली. जुलैमध्ये ग्लासगो शहरातील कारखाने व गोद्या सुट्टीसाठी बंद झाल्या, की कामगारांची कुटुंबे आगबोटींनी क्लाइड नदीच्या मुखाकडे जात आणि तेथील बायकांनी भाड्याने दिलेल्या खोल्यांतून राहत. १९४६ साली पाण्यात उतरविलेली ‘वेव्हर्ली’ ही चाकांची आगबोट अजूनही उन्हाळ्यात त्या बाजूस फेऱ्या करते. तिकडे भर उन्हाळ्यातही समुद्राचे पाणी असे गार, की पायाचा अंगठा बुडविला तरी शहारे यावेत. आणि पाऊस केव्हा येईल याचा नेम नाही. तरी माणसे जातात. कारण सकाळी घरधनीण ओटची पेज, अंडी आणि धुरावर वाळविलेला मासा अशी भरगच्च न्याहारी पुढे ठेवते. आपल्या ‘निवास व न्याहारी’चे नावही त्याच पद्धतीवरून आलेले आहे. तेथील उतारूंच्या तक्रारीही आपणांस अगदी ओळखीच्या वाटतील : खिडकीतून मान वाकडी केल्यावाचून समुद्र दिसत नाही, स्नानाचे ऊन पाणी संपले, घरधनिणीचे नियम फार. स्कॉटलंडात १ ऑक्टोबर २०२३ नंतर अशा अल्पमुदतीच्या भाड्याच्या खोल्या परवान्यावाचून देता येत नाहीत, आणि परवान्यासाठी आग, वीज इत्यादींपासूनची सुरक्षितता दाखवावी लागते. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु परवाना देणारा अधिकारी विजेच्या तारा पाहील. वैशाखात विहिरीत पाणी किती उरते, हे पुढच्या पाहुण्यास मागचा पाहुणाच सांगू शकतो.

म्हणूनच वहीतील चार ओळी ही हलकी गोष्ट नाही. त्या चार ओळींवर एका घराचा हंगाम उभा राहतो किंवा आडवा होतो; आणि त्याच चार ओळींवर विसंबून कोणी आपल्या वृद्ध मातापितरांस घेऊन तेथे जातो. रागाने लिहिले तर यजमानाचे नुकसान. भिडेने खोटी स्तुती लिहिली तर पुढच्या पाहुण्याचे नुकसान. आम्ही ज्या घरी राहिलो त्याचे नाव येथे दिले नाही ते याचसाठी : त्यांना जे सांगावयाचे ते वहिनींनी त्यांच्या पडवीत, सहीनिशी सांगितले आहे. आमच्या लेखात ते उत्तर देऊ शकले नसते.

यंदा निघणाऱ्या मंडळींसाठी अनुभवाने शिकलेल्या काही गोष्टी सांगतो. निघण्यापूर्वी यजमानांस विचारावे, की या महिन्यात पाणी कसे असते, संडास खोलीस लागून आहे की अंगणापलीकडे, वृद्धांस किती पायऱ्या चढाव्या लागतील. कोकणात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा पाण्याची काय वाण, असे समजू नये. जांभा सच्छिद्र असल्यामुळे ते पाणी टिकत नाही आणि वैशाखात विहिरी तळ गाठतात. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या आपणांस ही गोष्ट सहज सुचत नाही. कोणाचा उपास, कोणाचे पथ्य, कोणास मासे चालतात व कोणास चालत नाहीत, हे आदल्या दिवशी सांगावे. पान वाढल्यावर नव्हे. पोहोचण्यास रात्र होणार असेल, तर तसे वाटेतूनच कळवावे. निघताना स्वयंपाकघरात जाऊन राबणाऱ्या बाईंस दोन शब्द बोलावे, आणि हाताखालच्या गड्यास विसरू नये.

यजमानांसही आमची विनंती आहे. जे नाही ते आहे म्हणू नये. समुद्र दिसत नसेल तर ‘समुद्राजवळ’ म्हणावे. तेवढ्याने कोणी परत फिरत नाही. दर, जेवणाच्या वेळा व पाण्याचे प्रमाण लिहून खोलीत लावावे. आणि खोली देण्यापूर्वी आडनाव विचारण्याची खोड कोठे उरली असेल, तर ती आता सोडावी. ज्याने ठरलेले पैसे दिले व घराची रीत पाळली, तो पाहुणा.

असो. चार महिन्यांमागे त्या बाईंचा फोन आला होता. खोल्यांतून त्यांनी पाटी लावली आहे : ‘वैशाखात माणशी दोन बादल्या.’ पाटी वाचून एक कुटुंब परत गेले, आणि तीन राहिली, असे त्या म्हणाल्या. यंदाही आम्ही तेथेच जाणार आहोत. त्यासाठी आमच्या घरी सध्या मुलांना दोन बादल्यांत न्हाण्याचा सराव चालू आहे. आणि त्यावर देखरेखीचे काम वहिनींनी चिरंजीवांकडेच सोपविले आहे.