इकियस तुकारामी, मुक्काम ठाणे



यंदाच्या दिवाळी अंकाचा विशेष विभाग विज्ञान आणि निसर्गातल्या ताज्या शोधांना द्यायचा, हे संपादक मंडळाच्या पहिल्याच बैठकीत ठरलं. विषयांची यादी करायला बसलो तेव्हा वरच्या जागा आकाशाने पटकावल्या, आणि ते साहजिकच होतं. विश्वात सतत घुमणाऱ्या मंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे २०२३मध्ये जगासमोर आले, त्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचा मोलाचा वाटा होता. २०२५च्या अखेरीस पुण्याच्या एनसीआरए संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांचं संशोधन गाजलं. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची एक सर्पिल दीर्घिका त्यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून हुडकली आणि तिचं नाव ठेवलं अलकनंदा. इतक्या लहान वयाच्या विश्वात इतक्या रेखीव भुजांची दीर्घिका सापडेल अशी अपेक्षा नव्हती. या दोन्ही विषयांवर आत सविस्तर लेख आहेत.

इथे मात्र मला एका कोळ्याबद्दल लिहायचं आहे.

२०२१मध्ये ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप यांनी ठाणे परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या प्रजाती प्रसिद्ध केल्या. एक फिंटेला चोलकेई, दुसरी इकियस तुकारामी. हे तुकाराम म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी छातीशी धरली ती प्राण जाईपर्यंत सोडली नाही. साताऱ्याकडच्या केडंबे गावच्या या माणसाला देशाने मरणोत्तर अशोकचक्र दिलं. संशोधकांनी आपल्या हाती जे होतं ते दिलं. जगात कुठेही, कोणत्याही भाषेत या कोळ्याबद्दल लिहायचं झालं, तरी ओंबळे यांचं नाव घेतल्यावाचून लिहिता येणार नाही. मला हे स्मारक फार मोठं वाटतं.

उड्या मारणारे कोळी आपल्या सगळ्यांच्या घरात असतात. खोपटच्या आमच्या कार्यालयात खिडकीच्या गजावरही एक वावरतो. तो नेहमी आढळणाऱ्या प्रजातीचा. बोट जवळ नेलं की इतर किड्यांसारखा सैरावैरा पळत नाही. अख्खं अंग वळवून समोर तोंड करतो आणि बघतो. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे, काळेभोर. भक्ष्य पकडायला तो जाळं विणत नाही, दबा धरतो. झेप घेण्याआधी रेशमाचा एक धागा आहे त्या जागी चिकटवून ठेवतो, म्हणजे उडी चुकली तरी लोंबकळत परत येता येतं. आणि झेपेची ताकद येते ती शरीरातल्या द्रवाच्या दाबाने झटक्यात ताठ होणाऱ्या पायांतून.

अशा कोळ्याची प्रजाती नवी आहे हे ठरवणं मात्र फार चिकाटीचं काम. फोटो कितीही सुरेख असला तरी भागत नाही. नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांची आणि मादीच्या जननांगाची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची, जगभरातल्या जुन्या वर्णनांशी ताडून पाहायची, आणि ज्यावरून वर्णन केलं तो नमुना पुढच्या अभ्यासकांसाठी संग्रहालयात जपून ठेवायचा. या कामाला ना टाळ्या मिळतात, ना फारसा पैसा.

आणि इकियस तुकारामी सापडला तो वर्षानुवर्षं टोलेजंग इमारतींनी भरत चाललेल्या आपल्या ठाण्यात. ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दिसतात, फोटोत छान येतात, म्हणून त्यांच्या बाजूने बोलणारे लोक उभे राहतात. मसुराच्या दाण्याएवढ्या कोळ्याच्या बाजूने कोण बोलणार? येऊरच्या डोंगरांखालून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम चालू आहे, घोडबंदर रोडच्या दोन्ही अंगांना भूखंड सपाट होत आहेत. शहर वाढू नये असं माझं म्हणणं नाही. रोज त्या रस्त्यावर तासन्‌तास अडकणाऱ्या माणसाला असं सांगण्याचा मला अधिकारही नाही. पण जमिनीच्या तुकड्यावर काय काय जगतं याची नोंद होण्याआधीच त्यावर जेसीबी फिरतो, आणि मग काय गेलं हे सांगायलाही कोणी उरत नाही, हे मला मान्य नाही.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे एक मागणी जाहीरपणे मांडतो. वार्षिक पर्यावरण अहवालात झाडं आणि पक्षी यांच्याबरोबर कोळी, कीटक, गोगलगायी यांचीही प्रभागवार नोंद व्हावी, आणि ती करायला स्थानिक महाविद्यालयांतल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मानधन मिळावं. रस्त्यांच्या डांबरीकरणापुढे हा खर्च किरकोळ आहे.

वाचकांनाही काम आहे. सिद्धेश्वर तलावाच्या काठी, सोसायटीच्या कुंडीत, जिन्यातल्या भिंतीवर जे दिसेल त्याचा फोटो, तारीख आणि नेमकी जागा आम्हाला कळवा, किंवा थेट आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथे जाणकार ओळख पटवून देतात. आमच्याकडे आलेल्या नोंदी आम्ही अभ्यासकांना दाखवू आणि पुढच्या दिवाळी अंकात नावानिशी छापू. पत्ता अनुक्रमणिकेच्या खाली दिला आहे.