ओटीवरील बोल : निक्षेप

मनुस्मृतींत सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकीं दुसरें पद 'निक्षेप' हें होय. विश्वासानें दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव म्हणजे निक्षेप. धनी मागेल तेव्हां ती जशीच्या तशी परत करावयाची असते. वर्गांत हा शब्द शिकवितांना माझ्या डोळ्यांपुढें नेहमीं सोनेंनाणें असे. गेल्या महिन्यांत दौंड तालुक्यांतील माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली आणि मला त्याच शब्दाचा नवा पाठ देऊन गेली.

ती एका संशोधन-प्रयोगशाळेंत तंत्रज्ञ आहे. काम काय, असें विचारतां ती क्षणभर संकोचली, मग म्हणाली, "गुरुजी, उरुळीकांचनहून आपल्याकडील गोठ्यांत कृत्रिम रेतनाचा थंड डबा येतो ना, तसलींच पात्रें मी सांभाळतें, पण माणसांसाठीं. कर्करोग झालेल्या तरुणांचीं बीजें आम्ही राखून ठेवतों."

मणिभाई देसाई यांनीं सन १९६७ मध्यें उरुळीकांचन येथें 'बायफ' संस्था स्थापिली. तिच्यामुळें द्रवरूप नायट्रोजनाचें पात्र शिरूर-दौंडकडील शेतकऱ्यास नवलाचें राहिलेलें नाहीं. त्यांतील उष्णमान शून्याखालीं १९६ अंश. एवढ्या थंडींत पेशीचे व्यापार थांबतात. मात्र आंतील पाण्याचे स्फटिक होऊन ती फाटूं नये म्हणून आधीं संरक्षक द्रव्य घालावें लागतें. ग्लिसरीनचा हा गुण इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांनीं सन १९४९ मध्यें प्रसिद्ध केला.

आतां कर्करोगाचा संबंध पहा. त्यावरील कांहीं औषधें आणि ओटीपोटावरील किरणोपचार हीं रोगाबरोबर बीजासहि जाळतात. स्त्रीच्या अंडाशयांतील बीजांचा सांठा तर जन्मतःच ठरलेला असतो. गेला तो भरून येत नाहीं. म्हणून ठेव ठेवावयाची ती उपचारापूर्वींच. पुरुषाचें काम एकदोन दिवसांत आटोपतें. स्त्रीस इंजेक्शनें देऊन बीजें पक्व करून घेण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. वयांत न आलेल्या मुलीच्या अंडाशयाची पातळ पट्टी काढून गोठवितां येते. अशी पट्टी एका रुग्ण स्त्रीच्या शरीरांत पुन्हां रोपल्यानंतर तिला सन २००४ मध्यें बेल्जममध्यें मूल झालें; ती पट्टी सन १९९७ मध्यें काढून ठेवलेली होती.

नायट्रोजन झांकण लावलें तरी उडून जातो. म्हणून ही मुलगी पट्टीनें त्याची पातळी मोजते, तूट भरते. रविवार नाहीं, दिवाळी नाहीं. प्रत्येक नळीवरील नांव ती मोठ्यानें वाचते व दुसरा सहकारी ताडून पाहतो. सन २०१८ च्या मार्चमध्यें अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं एक पात्र बिघडून चार हजारांहून अधिक स्त्रीबीजें व गर्भ गमावले गेले. आपल्याकडे सन २०२१ च्या कायद्यानें अशी ठेव दहा वर्षांपर्यंत राखण्याची मुभा आहे. रुग्णाच्या संमतीनें मिळालेल्या तुकड्यांवर, कोणत्या रीतीनें गोठविलें असतां कमी पेशी मरतात, याचा शोधहि ती सूक्ष्मदर्शकाखालीं घेते.

हें ऐकतांना मी मान खालीं घातली होती. बारा वर्षांपूर्वीं शिरूरला दादांच्या घरीं माझा एकोणीस वर्षांचा पुतण्या याच रोगानें अंथरुणावर पडला होता. चार दिवसांनीं उपचार सुरू व्हावयाचे होते. डॉक्टरांचें इंग्रजी पत्र सर्वांस वाचून दाखविण्याचें काम माझ्याकडे आलें. त्यांत एक ओळ होती : पुढें अपत्य व्हावें अशी इच्छा असल्यास उपचारापूर्वीं बीज राखून ठेवावें. समोर वहिनी बसलेल्या, आंतल्या खोलींत मुलगा. माझी जीभ रेटेना. ती ओळ मी गाळली.

मुलगा देवदयेनें बरा झाला. लग्नास पांच वर्षें झालीं. पाळणा हलला नाहीं. मध्यंतरीं मजजवळ बसून म्हणाला, "काका, तेव्हां कोणीं सांगितलें असतें तर!" मी उत्तर दिलें नाहीं.

विद्यार्थिनीस हें सारें सांगितलें. तिनें मला दोष दिला नाहीं, खोटा धीरहि दिला नाहीं. "ठेवलेल्या प्रत्येक बीजाचें मूल होतेंच असें नाहीं, गुरुजी, आणि उपचारानंतर कित्येक पुरुषांचें बीज कांहीं वर्षांनीं परत येतेंहि. त्यांना तपासून घ्यावयास सांगा. पण आधीं ती ओळ सांगा."

वाचकहो, आपल्या घरांतून रोगाची चर्चा होते, खर्चाची होते, नवसाचीहि होते. या एका प्रश्नापाशीं मात्र वडीलधारे लाजतात आणि दिवस निघून जातात. अशी वेळ कोणावर न येवो. आलीच तर पहिल्या भेटींतच डॉक्टरांस विचारा, आणि उत्तर रोग्याच्या कानीं घाला. निर्णय त्याचा. ती ओळ त्याची ठेव होती; मी ती दडवून बसलों.

येत्या रविवारीं मी शिरूरला जाणार आहें.