युद्ध सुरू असता पुनर्बांधणी

युक्रेनच्या ईशान्य भागातील त्रोस्त्यानेत्स हे रशियाच्या सीमेपासून सुमारे ३० किलोमीटरांवर वसलेले छोटे शहर. युद्धापूर्वी तेथील वस्ती वीस हजारांच्या आसपास होती. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन सैन्य तेथे शिरले आणि २६ मार्च रोजी शहर मुक्त झाले. एवढ्या अवधीत रुग्णालय तोफमाऱ्यात सापडले, रेल्वे स्थानकाचा परिसर उद्ध्वस्त झाला आणि चॉकलेटच्या कारखान्याचीही मोठी हानी झाली. युक्रेन सरकारने २०२३ मध्ये प्रायोगिक पुनर्बांधणीसाठी ज्या सहा वस्त्या निवडल्या, त्यांत या शहराचा समावेश होता.

जे उद्या पुन्हा कोसळू शकते ते आज बांधावे काय? फेब्रुवारी २०२५ मधील जागतिक बँक, युक्रेन सरकार आदींच्या संयुक्त अंदाजानुसार त्या देशाच्या पुनर्बांधणीस दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर लागतील. पैशाची अशी चणचण असता सीमेवरील गावांनी युद्ध संपेपर्यंत थांबावे, हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. तथापि तो अपुरा आहे.

शहर म्हणजे केवळ इमारती नव्हेत. नळाला पाणी व घराला ऊब नसेल तर कुटुंबे परतत नाहीत. कुटुंबे नसतील तर कारखान्याला कामगार मिळत नाहीत. आणि वेतन नाही तेथे करही नाही. २०१४ नंतरच्या विकेंद्रीकरणामुळे युक्रेनमध्ये वैयक्तिक प्राप्तिकराचा सुमारे साठ टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे राहू लागला. म्हणजे माणसे गेली की नगरपालिकेची तिजोरीही त्यांच्यामागोमाग जाते. जलवाहिन्यांचा खर्च मात्र वस्ती निम्मी झाली म्हणून निम्मा होत नाही. शिवाय निर्वासितांचा भार अन्यत्र सोसावाच लागतो. थांबण्यालाही किंमत असते. ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही, इतकेच.

अर्थात सारेच आज बांधावे असे नव्हे. पाणी, वीज, रुग्णालय, निवारा आणि शाळा यांना अग्रक्रम हवा. शोभेच्या वास्तू थांबू शकतात. खारकीव्हने सप्टेंबर २०२३ पासून भुयारी रेल्वेच्या स्थानकांत वर्ग भरवले आणि २०२४ मध्ये खास भूमिगत शाळा उघडली. धोका ओळखून केलेला हा खर्च उधळपट्टी ठरत नाही.

खरा पेच निधीचा आहे. सैनिकांच्या वेतनावरील प्राप्तिकर २०२३ च्या अखेरीस स्थानिक संस्थांकडून काढून केंद्राकडे वळविण्यात आला. रणांगणाची निकड पाहता तो निर्णय समजण्याजोगा आहे. परंतु सीमेवरील नगरपालिकांना मध्यवर्ती सरकारने निश्चित निकषांवर भरपाईचे अनुदान द्यावयास हवे. मर्जीवर मिळणाऱ्या मदतीतून एखादी इमारत उभी राहील. दरमहा शिक्षकांचे वेतन व पाणीपुरवठा चालविण्यास भरवशाचे उत्पन्नच लागते. सीमा सैन्य राखते हे खरे. पण सीमेवर नांदते गाव नसेल, तर सैन्याने राखावयाचे ते काय?