नव्या मत्स्यालयात सावित्रीला जागा द्या

मुंबईत जागतिक दर्जाचे मत्स्यालय उभारण्याच्या घोषणा अधूनमधून होत असतात. ते व्हावे, लवकर व्हावे, असे मला मनापासून वाटते. मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. २०१५ साली ते नव्याने सजले, डोक्यावरून मासे पोहताना दिसावेत असा पारदर्शक बोगदा त्यात आला. पुढे कोरोनाच्या टाळेबंदीत त्याची दारे बंद झाली. पोलादपूर-महाडच्या शाळांच्या मुंबई सहलीत राणीबाग, गेटवे आणि तारापोरवाला ही तीन नावे ठरलेली असत. त्यातले एक गेले, याचे दुःख गावाकडच्या शिक्षकाला शहरातल्या माणसापेक्षा जास्त होते. शहरातल्या मुलाला पुन्हा कधी तरी जाता येईल. आमच्याकडचे मूल शाळेच्या सहलीतून एकदाच जाते.

मी पोलादपूर तालुक्यात विज्ञान शिकवले. रात्री एसटीने निघायचे, पहाटे मुंबई गाठायची आणि दुपारपर्यंत चर्नी रोडला मत्स्यालयाच्या रांगेत उभे राहायचे. एका सहलीत कातकरी वाडीवरचा एक सातवीतला मुलगा होता. वर्गात तो फारसा बोलत नसे. गोड्या पाण्याच्या टाक्यांसमोर मात्र त्याचे पाय निघेनात. एका टाकीत तळाशी बसणारा लहानसा मासा होता आणि खाली नुसती बारीक रंगीत खडी. तो मला म्हणाला, “बाई, हा दगडाखालचा मासा हाय. याला दगड द्या, नायतर मरंल.” तोंडाची ठेवण, पोटाची बाजू, चिकटून बसायची सवय, हे सगळे त्याने एका नजरेत वाचले होते. मी माशांचे वर्गीकरण पुस्तकातून शिकले होते. त्याने ते नदीत हात घालून शिकले होते.

त्याच्या नदीतला एकही मासा मात्र तिथे आपल्या नावाने त्याला भेटला नाही. ठिकठिकाणचे शोभेचे मासे होते, समुद्री घोडे होते, कासवे होती. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्यांचा मला काही पत्ता लागला नाही. महाबळेश्वरच्या पंचगंगेतल्या पाच नद्यांपैकी आमची सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला मिळते. डोंगरातला खळाळ, मधले कोंड म्हणजे डोह, महाडजवळ येणारी भरतीची फुगवटी, दासगावकडची खाडी, असे पाण्याचे इतके प्रकार शंभरेक किलोमीटरच्या आत सापडतात. महाडजवळच्या पात्रात मगरीसुद्धा आहेत. राज्याच्या पैशाने मत्स्यालय उभे राहणार असेल, तर त्यातले एक मोठे दालन अशा एखाद्या नदीला मिळावे, ही माझी मागणी आहे. वरच्या टोकापासून खाडीपर्यंत चालत जावे, तसे ते दालन असावे. पाट्यांवर खडस, वाम, शिंगटी, खरबी ही आपली नावे ठळक अक्षरांत असावीत आणि माशांची निगा राखायला, माहिती सांगायला कातकरी माणसे पगारी नोकरीवर असावीत.

पण काचेमागे ठेवायचा मासा नदीत उरला पाहिजे, आणि मला खरी घाई त्याची आहे.

महाडहून बिरवाडीमार्गे वर गेले की सावित्रीला मिळणाऱ्या काळ नदीवर वाळणकोंड लागतो. वरदायिनी देवीचा हा डोह. इथल्या माशांना कोणी हात लावत नाही. ते देवीचे मासे. महासीर, म्हणजे आपल्याकडचा खडस. कुरमुरे टाकले की आधी लहान मासे वर येतात, मग मधले, मग मोठे, असे गावकरी सांगतात. पाणी नितळ असले की काठावरूनच पाठीचे मोठे खवले दिसतात. तारापोरवालाच्या बोगद्यात मुले जशी थबकत, तशीच इथेही थबकतात. तिकीट नाही, पंप नाही, आणि मासा आपल्या घरात आहे.

या माशाचे घर सोपे नाही. त्याला खोल, थंड, हवेशीर पाणी लागते, आणि पावसाळ्यात अंडी घालायला गोट्या-वाळूचा स्वच्छ तळ लागतो. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली शास्त्रीय नोंद केलेला दख्खनचा महासीर वाचवण्यासाठी लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून पैदास केंद्र चालवले आहे. पिल्ले तयार करता येतात, हे त्यातून सिद्ध झाले. पण पिल्ले सोडायची ते पाणीच बिघडले तर केंद्राचा उपयोग काय?

आणि पाणी बिघडते आहे. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या महाडकरांनी पुष्कळ वाचल्या आहेत. वरच्या अंगाला कुठे सुरुंग लावतात, कुठे ब्लीचिंग पावडर ओततात. एका दुपारच्या माशांसाठी सगळा डोह मारतात. जून-जुलैत समुद्रात मासेमारीला बंदी असते. नदीत त्याच दिवसांत वलगण चालते, म्हणजे अंड्यांनी भरलेला, चढणीला लागलेला मासा पकडला जातो. घरापुरते धरणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ओढ्याचे तोंड जाळ्याने बंद करून टोपल्या भरून विकणाऱ्यांना मात्र थांबवलेच पाहिजे.

२०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर नदीतला गाळ काढायला सुरुवात झाली. महाड शहरासाठी ते काम हवेच; ज्यांनी पहिल्या मजल्यापर्यंत चढलेले पाणी पाहिले, त्यांना मासे सांगून थांबवता येणार नाही, थांबवूही नये. पण यंत्रे लावण्याआधी कोंड कुठले, अंडी घालायच्या जागा कुठल्या, हे नकाशावर आखून त्या वगळायला अडचण कसली? वाडीवरची माणसे एका दिवसात त्या दाखवतील.

सिंधुदुर्गात आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी एक छोटा नवा मासा सापडला. २०२१ मध्ये सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. बोटभर माशासाठी जे झाले, ते वाळणकोंडासाठी व्हायला हवे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात त्याची तरतूद आहे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे याच कायद्याने बंधनकारक केले आहे. देवीच्या नावाने गावाने जे पिढ्यानपिढ्या राखले, त्याला कायद्याचा आधार मिळाला तर वरून येणारा रस्ता, बंधारा किंवा वाळूचा ठेका अडवायला गावाच्या हातात कागद असेल. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या नदीकाठच्या ग्रामसभांनी आपापल्या कोंडांची यादी करून तसा ठराव राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवावा, आणि तो येत्या पावसाच्या आधी पाठवावा. वलगण सुरू झाल्यावर एक वर्ष पुन्हा वाया जाईल.